महागाईला छत आहे, भावाला तळ नाही

ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिवाळीला दहा-बारा दिवस उरले असताना, लासलगावहून निघालेली एक मालगाडी दिल्लीच्या किशनगंज स्थानकात येऊन थांबली. तिच्यात सोळाशे टन कांदा होता आणि सरकारने तिचे नावही ‘कांदा एक्स्प्रेस’ असे ठेवले होते. राजधानीत कांद्याचे भाव चढले होते आणि सरकारी साठ्यातील कांदा पस्तीस रुपये किलोने फिरत्या गाड्यांवरून विकला जात होता. त्या साठ्याला भर म्हणून हा माल आला होता. एरवी मालगाडीच्या आगमनाची दखल स्टेशनमास्तरांशिवाय कोणी घेत नाही. या गाडीची वार्ता मात्र केंद्र सरकारने प्रसिद्धीपत्रक काढून देशाला दिली.

ही तत्परता समजून घ्यायची तर दिल्लीच्या स्मृतीत डोकवावे लागते. १९९८ च्या शरद ऋतूत राजधानीत कांदा चाळीस-पन्नास रुपयांवर गेला, तेव्हा साहिबसिंग वर्मा यांना मुख्यमंत्रिपदावरून दूर करून भाजपने सुषमा स्वराज यांना त्या जागी बसविले. निवडणूक महिन्या-दीड महिन्यावर होती. सत्तर जागांच्या विधानसभेत काँग्रेसने बावन्न जागा जिंकल्या, शीला दीक्षित मुख्यमंत्री झाल्या आणि पुढे दिल्लीची सत्ता परत मिळवण्यासाठी भाजपला २०२५ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. या पराभवाला इतरही कारणे होती. पण राजकारणात कारणांपेक्षा धडे अधिक टिकतात आणि तेव्हापासून केंद्रात कोणाचेही सरकार असो, कांदा, टोमॅटो आणि डाळ यांच्या भावाकडे राजधानी जितक्या धास्तीने पाहते, तितक्या धास्तीने ती सीमेपलीकडील हालचालींकडेही पाहत नसेल.

धास्ती ही वाईट गोष्ट नव्हे. २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबाच्या मासिक खर्चापैकी सुमारे ४६ टक्के खर्च अन्नावर होतो. शहरात हे प्रमाण ३९ टक्के आहे. शेतमजूर, बांधकामावरचा कामगार, घरकाम करणारी बाई यांच्या घरात डाळीचा भाव तीस रुपयांनी वाढला, तर त्या आठवड्यात ताटातली डाळच पातळ होते. अशा वेळी सरकारने हात बांधून बसावे असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न वेगळा आहे. भाव चढल्यावर जी यंत्रणा चोवीस तासांत जागी होते, ती भाव कोसळल्यावर झोपलेली का असते?

या यंत्रणेची दोन अंगे आहेत. एक मुंबईत, मिंट रोडवर. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन महागाईचे उद्दिष्ट चार टक्के ठरले. त्यापेक्षा दोन टक्के वर आणि दोन टक्के खाली अशी मुभा ठेवण्यात आली. सलग तीन तिमाही या पट्ट्याबाहेर गेल्यास बँकेने सरकारला कारणे कळवावीत, असेही बंधन घालण्यात आले. २०२२ मध्ये ती वेळ आली. एप्रिलमध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर पोहोचली आणि जानेवारी ते सप्टेंबर अशा तिन्ही तिमाहींत ती सहाच्या वर राहिली. नोव्हेंबरच्या आरंभी पतधोरण समितीची खास बैठक झाली, सरकारला पत्र गेले आणि ते तेव्हा जनतेसमोर ठेवण्यात आले नाही. ज्या पत्राचा हेतूच उत्तरदायित्व हा आहे, ते कुलूपबंद ठेवण्यात कोणते राष्ट्रहित साधले हे अद्याप कोणी सांगितलेले नाही. तरी कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. महागाई सहाच्या वर जाणे जसे अपयश, तसेच ती दोनच्या खाली जाणे हेही अपयशच. कायद्याने छत घातले आणि तळही घातला.

दुसरे अंग दिल्लीत. ग्राहक व्यवहार विभाग देशभरातील साडेपाचशे केंद्रांवरून रोज भाव गोळा करतो. पूर्वी बावीस वस्तूंचे भाव नोंदले जात, २०२४ पासून अडतीस वस्तूंचे नोंदले जातात. भाव चढू लागले की उपायांची परिचित मालिका सुरू होते: साठ्यावर मर्यादा, निर्यातीवर शुल्क, मग किमान निर्यातमूल्य, मग बंदी, आयातशुल्क शून्य, राखीव साठ्यातून विक्री. गेल्या काही वर्षांत ही मालिका जितक्या वेगाने फिरली, तितकी क्वचितच फिरली असेल. मे २०२२ मध्ये गव्हाची निर्यात बंद झाली. सप्टेंबरात तुकडा तांदळाची झाली. जुलै २०२३ मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची झाली. साखरेच्या निर्यातीला २०२२ पासूनच लगाम लागला होता. त्याच सुमारास टोमॅटो कडाडले. जुलै २०२३ मध्ये किरकोळ महागाई ७.४४ टक्के झाली, तेव्हा सरकारने आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रातून टोमॅटो विकत घेऊन दिल्लीत प्रथम नव्वद, मग ऐंशी, मग त्याहूनही कमी रुपयांनी विकले. ‘भारत’ नावाने साठ रुपयांची चणाडाळ, साडेसत्तावीस रुपयांचे पीठ आणि एकोणतीस रुपयांचा तांदूळही बाजारात आला.

कांद्याची कथा या सर्वांत अधिक बोलकी आहे आणि ती थोडी विस्ताराने सांगावी लागेल. देशातील सुमारे सत्तर टक्के कांदा रब्बीचा असतो. तो मार्च ते मे या काळात निघतो आणि खरिपाचा माल येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, शेतकऱ्याच्या चाळीतच राहतो. चाळीत तो सुकतो, सडतो, त्याला कोंब फुटतात. पाव हिस्सा तरी घटतोच. हा तोटा शेतकरी सोसतो तो एकाच आशेवर की सप्टेंबरात चार पैसे जास्त मिळतील. नेमक्या त्या सप्टेंबराच्या तोंडावरच दिल्लीची यंत्रणा जागी होते. १९ ऑगस्ट २०२३ रोजी चाळीस टक्के निर्यातशुल्क लागले. नाशिक जिल्ह्यात बाजार समित्या बंद पडल्या, तेव्हा सरकारने २,४१० रुपये क्विंटल दराने दोन लाख टन खरेदी जाहीर केली. पण ती प्रत्यक्ष शेतकऱ्यापर्यंत किती आणि मधल्यांपर्यंत किती पोहोचली, याविषयी तक्रारी झाल्याच. ऑक्टोबरात टनाला आठशे डॉलरचे किमान निर्यातमूल्य आले. ७ डिसेंबरच्या अधिसूचनेने ८ डिसेंबरपासून निर्यात संपूर्ण बंद झाली. मार्च २०२४ मध्ये मुदत संपणार होती, तीही वाढविण्यात आली. एप्रिलमध्ये गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली आणि नाशिकच्या लाल कांद्याला नाही. निवडणुकीच्या ऐन भरात हा निर्णय ज्या कोणाच्या सहीने निघाला, त्याने विरोधकांचे काम फार हलके केले. बंदी ४ मे रोजी उठली, तेव्हा नाशिक पट्ट्यातील मतदानाला जेमतेम सोळा दिवस उरले होते. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या, नाशिकची जागा गेली, धुळे आणि नगरही गेले.

म्हणजे १९९८ ने दिल्लीला जो धडा शिकवला, त्याची दुसरी बाजू २०२४ ने नाशिकमध्ये शिकविली. तो धडा मात्र तितकासा मुरलेला दिसत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक जवळ आल्यावर शुल्क चाळीसवरून वीस टक्क्यांवर आणण्यात आले आणि किमान निर्यातमूल्य काढण्यात आले. उरलेले वीस टक्के काढायला १ एप्रिल २०२५ उजाडला. तोवर रब्बीचा नवा कांदा बाजारात उतरू लागला होता आणि भाव घसरणीला लागले होते. वरातीमागून आलेल्या या घोड्याचा शेतकऱ्याला उपयोग किती, हे सांगायला नको.

आणि बाहेरचा ग्राहक तोवर तेथेच उभा राहतो असेही नाही. २०१९ च्या सप्टेंबर अखेरीस भारताने अचानक कांदा निर्यात थांबविली, तेव्हा बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्ली भेटीवर आल्या होत्या. निर्यात थांबवायची तर आधी कळवीत जा, आम्हाला आता स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगावे लागले आहे, असे त्यांनी भर सभेत हसत हसत सुनावले. सभेनेही ते हसण्यावारी नेले. बांगलादेशाने मात्र ते हसण्यावारी नेले नसावे. त्या देशाने स्वतःचे कांदा उत्पादन वाढविले, इतर देशांकडून माल घेणे सुरू केले आणि २०२५ मध्ये आपल्या शेतकऱ्यांच्या रक्षणासाठी आयातीवरच बंधने घातली. भारताचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक असा हातचा निसटत गेला. मुक्त झालेल्या निर्यातीला मग गिऱ्हाईकच अपुरे पडू लागले.

वाणिज्य मंत्रालयाचे काम निर्यात वाढविण्याचे आणि ग्राहक व्यवहार मंत्रालयाचे काम भाव आवरण्याचे. जून २०२४ पर्यंत ही दोन्ही खाती पीयूष गोयल या एकाच मंत्र्याकडे होती. एकाच टेबलावर दोन फायली असल्या की कोणती वर जाते, हे त्या काळात दिसले. मनमोहन सिंग यांच्या सरकारात शरद पवार यांच्याकडे २०११ च्या जानेवारीपर्यंत शेती आणि अन्न-ग्राहक व्यवहार ही दोन्ही खाती होती. डाळ-साखरेचे भाव चढले की दिल्लीची वृत्तपत्रे त्यांच्यावर तुटून पडत आणि शेतकऱ्याला दोन पैसे मिळू द्या, हे त्यांचे उत्तर राजधानीत कोणालाच रुचत नसे. अखेर त्यांच्याकडून अन्नखाते गेले. त्या व्यवस्थेतही दोष होते, पण एक गुण होता: भाव चढला तरी आणि पडला तरी जबाब एकाच माणसाला द्यावा लागे. आज ग्राहकाचा भाव एका खात्याकडे, शेतकऱ्याचा दुसऱ्याकडे, निर्यातीचा तिसऱ्याकडे आणि व्याजदर चौथ्या ठिकाणी आहे.

ही विभागणी भांडणाच्या रूपानेही बाहेर येते. जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणीत मुख्य आर्थिक सल्लागार व्ही. अनंत नागेश्वरन यांनी महागाईच्या उद्दिष्टातून अन्नपदार्थ वगळण्याचा विचार व्हावा, असे सुचविले. नोव्हेंबरात गोयल यांनीही व्याजदर ठरवताना अन्नाची महागाई धरणे हा सदोष सिद्धांत आहे, असे मत व्यक्त केले. ते वैयक्तिक असल्याचे सांगायला मात्र ते विसरले नाहीत. शक्तिकांत दास तेव्हा गव्हर्नर होते. आदल्या महिन्यातली महागाई ६.२१ टक्के निघाली होती आणि अन्न वगळून कोणता निर्देशांक घेऊन जनतेसमोर जायचे, हा त्यांचा प्रश्न होता. व्याजदर वाढवून टोमॅटो पिकत नाही, हे गोयल यांच्या म्हणण्यातले तथ्य मान्य केलेच पाहिजे. २०२२ च्या मे महिन्यापासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेण्यात आला. त्याने गृहकर्जाचे हप्ते वाढले, पण पुढच्या जुलैत टोमॅटो कडाडायचे ते कडाडलेच. परंतु मग प्रश्न सरकारकडेच परत येतो. टोमॅटो, कांदा, बटाटा यांच्यासाठी २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी ‘ऑपरेशन ग्रीन्स’ची घोषणा केली आणि पाचशे कोटी ठेवले. त्यानंतर सहा वर्षांनी रिझर्व्ह बँकेच्याच अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा ग्राहकाने मोजलेल्या रुपयापैकी टोमॅटोच्या शेतकऱ्याला ३३, कांद्याच्या शेतकऱ्याला ३६ आणि बटाट्याच्या शेतकऱ्याला ३७ पैसे मिळत असल्याचे आढळले. उरलेल्या दोन-तृतीयांश रुपयात वाहतूक, नासाडी, अडत आणि नफा आहे. महागाई आवरण्याची खरी जागा तेथे आहे. पण तेथे काम करायला वर्षे लागतात आणि निर्यातबंदीला एक कागद पुरतो.

काही भाव तर सरकार स्वतःच ठरवते, आणि तेथे त्याचा हात कसा चालला हेही पाहावे. २०१४ च्या आरंभी पेट्रोलवरील केंद्रीय उत्पादनशुल्क लिटरला ९ रुपये ४८ पैसे होते. एप्रिल २०२० मध्ये भारत घेतो ते कच्चे तेल पिंपाला वीस डॉलरच्या आसपास आले, तेव्हा ती स्वस्ताई ग्राहकापर्यंत पोहोचू न देता मे महिन्यात शुल्क ३२ रुपये ९८ पैशांवर नेण्यात आले. महासाथीत महसूल आटला होता हे खरे. परंतु डिझेल महागले की भाजीपासून सिमेंटपर्यंत सर्वच महागते हेही खरे, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत खुद्द दास यांनी केंद्र व राज्यांनी मिळून इंधनकर उतरविण्याची गरज बोलून दाखविली होती. पेट्रोलवरील शुल्क १९ रुपये ९० पैशांपर्यंत उतरायला मे २०२२ उजाडला, म्हणजे महागाईने आठ वर्षांचा उच्चांक गाठल्यावर. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १८ जुलैपासून, वेष्टनातील पीठ, तांदूळ आणि दह्यावर पाच टक्के जीएसटी सुरू झाला. एकीकडे व्याजदर वाढवून महागाई आवरायची आणि दुसरीकडे दह्याच्या डब्यावर कर लावायचा, हा विनोद अर्थमंत्रालयाच्या ध्यानात आला नसेल असे नाही. सर्व राज्यांच्या संमतीने झाले, एवढे उत्तर पुरेसे मानले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे टप्पे कमी करून साबण, शाम्पू, तूप-लोणी यांवरील कर उतरविण्यात आला, त्याचे स्वागत करताना या मधल्या तीन वर्षांचा विसर पडू नये.

२०२५ चे वर्ष सरकारच्या दृष्टीने विजयाचे ठरले. ऑक्टोबरात किरकोळ महागाई अवघी ०.२५ टक्के निघाली, २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेतील सर्वांत कमी. गव्हर्नर संजय मल्होत्रा यांच्या कारकिर्दीत रेपो दर साडेसहावरून वर्षभरात सव्वापाचवर आला. पण या आकड्याच्या पोटात काय होते? त्या महिन्यात अन्नपदार्थांचा निर्देशांक आदल्या वर्षापेक्षा ५.०२ टक्के खाली होता. दिल्लीतल्या घरात ज्याला स्वस्ताई म्हणतात, त्याला लातूरच्या बाजारात काय म्हणतात हे तुरीच्या उत्पादकाला विचारावे. तुरीचा हमीभाव २०२४-२५ साठी ७,५५० रुपये होता, बाजारभाव त्याच्या खाली राहिला. तुरीची आयात मात्र शुल्कमुक्तच राहिली. पिवळ्या वाटाण्यावरील शुल्क डिसेंबर २०२३ मध्ये उठविण्यात आले होते, ते पुन्हा लागायला १ नोव्हेंबर २०२५ उजाडला. सोयाबीनचे उदाहरणही याच जातीचे. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलाचे आयातशुल्क वाढविले ते शेतकऱ्यासाठी, आणि मे २०२५ अखेर कच्च्या तेलावरील मूळ शुल्क निम्मे केले ते ग्राहकासाठी. मधल्या आठ महिन्यांत ना शेतकऱ्याला हमीभाव मिळाला ना ग्राहकाला स्वस्त तेल.

शहरातील मध्यमवर्गालाही तो विजय फारसा जाणवला नाही, याचे कारण साधे आहे. महागाईचा दर उतरणे म्हणजे वाढीचा वेग मंदावणे. चढलेला भाव त्याने खाली येत नाही. भाजी स्वस्त झाली तरी घरभाडे, शाळेची फी आणि औषधाचे बिल मागे फिरत नाही. फेब्रुवारी २०२६ मध्ये २०२४ पायाभूत धरून आलेल्या निर्देशांकाच्या नव्या मालिकेत अन्नाचा भार कमी झाला, सेवांना अधिक जागा मिळाली. हे योग्यच झाले. पण त्याचा एक अर्थ असाही होतो की कांदा-डाळ दाबून निर्देशांक सुधारण्याचा जुना मार्ग आता पूर्वीइतका फळणार नाही.

या सर्व प्रकरणात जे खटकते ते कार्यपद्धतीतील अंतर. भाव चढला तर विदेश व्यापार महासंचालकांची अधिसूचना रात्रीतून निघते आणि सकाळी बंदरातले कंटेनर थांबतात. भाव पडला तर बाजार हस्तक्षेप योजना आहे. पण तिच्यासाठी भाव आधीच्या सामान्य हंगामापेक्षा किमान दहा टक्के पडावा लागतो, राज्याने मागणी करावी लागते, निम्मा भार उचलण्याची तयारी दाखवावी लागते आणि मग केंद्राची मंजुरी. तोवर नाशवंत माल वाट पाहत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने भाव स्थिरीकरण निधी आणि हमीभाव खरेदी या दोन्ही योजना ‘पीएम-आशा’ या एकाच छत्राखाली आणल्या आणि पस्तीस हजार कोटींची तरतूद केली. छत्र एक झाले, पण त्याखाली ग्राहकाचे दार आपोआप उघडते आणि शेतकऱ्याला अजून अर्ज करावा लागतो.

नियमाने वागण्याची एक संधी सरकारने स्वतःच निर्माण केली होती. २०२० मधील आवश्यक वस्तू कायद्याच्या दुरुस्तीत साठामर्यादा कधी लावायची हे आकड्यांत लिहिले होते: फळे-भाज्यांचे भाव दुप्पट झाल्यास, टिकाऊ मालाचे दीडपट झाल्यास. लोकसभेने हे विधेयक १५ सप्टेंबर २०२० रोजी मंजूर केले. कांद्याची निर्यात सरकारने १४ सप्टेंबरला बंद केली होती! पुढे तिन्ही कृषी कायदे मागे घेतले गेले आणि त्यांच्याबरोबर ही आकड्यांची अटही गेली. कायद्यांवरील रागाच्या भरात शेतकरी संघटनांनीही तिचा वेगळा विचार केला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

ती अट आता दोन्ही बाजूंनी परत आणणे शक्य आहे. कोणत्या भावाला निर्यातशुल्क लागेल हे पेरणीपूर्वी जाहीर करावे आणि कोणत्या भावाला ते आपोआप उठेल व खरेदी सुरू होईल हेही त्याच पत्रकात लिहावे. साडेपाचशे केंद्रांच्या रोजच्या तक्त्यात किरकोळ भावाशेजारी लासलगाव, लातूर, इंदूर, कोलार येथील बाजार समितीचा भावही छापावा. यासाठी संसदेत विधेयक आणण्याची गरज नाही. निर्यातशुल्क बसविण्यासाठी आणि उठविण्यासाठी आजही अधिसूचनाच पुरते. कांदा एक्स्प्रेस किशनगंजला पोहोचल्यानंतर बरोबर एक महिन्याने महाराष्ट्रात मतदान झाले, निकाल लागले, नवे सरकार आले. ज्या लासलगावातून ती गाडी भरून आली होती, तेथील कांद्यावरचे वीस टक्के निर्यातशुल्क त्यानंतरही चार महिने तसेच होते.